अक्कांच्या दुखण्यावर दुसरी सही

लग्नाच्या पंगतीत उभ्या असलेल्या बाईच्या हातात लोक सांबाराची बादली देतात, हे मला अक्कांमुळे कळलं. चेन्नईतल्या एग्मोरच्या एका मंगल कार्यालयात आमच्या कंपनीतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. अक्का कांजीवरम नेसून भिंतीला खांदा टेकून उभ्या होत्या, कारण त्यांना बसता येत नसे. पानावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली, "अम्मा, सांबार!" अक्कांनी मागे वळून पाहिलं. हाक आपल्यालाच आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी वाढप्याच्या हातातली बादली घेतली आणि त्याला वाढलं. मग शेजारच्याने मागितलं. अख्खी ओळ वाढून झाली तेव्हा मी धावत पोहोचले.

"अक्का, सांगायचं ना, मी पाहुणी आहे म्हणून!"

"भुकेल्यास सांगून काय गे? आणि ऐक, सांबार पातळ आहे. चौथ्या पानापासून भाजीच नाही. आचाऱ्यास सांगून ये."

तपासणं हा त्यांचा धंदा होता आणि स्वभावही. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला आमचा कारखाना. गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारे ॲल्युमिनियमचे ओतीव भाग तिथे होतात. ओतताना हवा अडकली की धातूच्या पोटात पोकळी राहते. वरून काही दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी घाटात ब्रेक दाबल्यावर दिसतं. म्हणून भागांचे एक्स-रे काढायचे, ते वाचायचे आणि पास-नापास ठरवायचं. वाचणाऱ्या अक्का. त्यांची सही झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नसे. संशयाचा भाग असला की त्या त्याची फिल्म आधी सुलटी पाहत, मग उलटी टांगून पाहत, मग कॉफी पिऊन येऊन पुन्हा पाहत. "कडा पहिल्या पहा," हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. "मधलें तर सगळेच पाहतात."

मी इचलकरंजीची. माझा बाप यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचा. उरलेल्या पत्रकांची आमच्या वह्यांना कव्हरं असायची, त्यामुळे 'अ अननसाचा' शिकायच्या आधी मी 'अ अन्यायाचा' शिकले. असली मुलगी चेन्नईत क्वालिटी खात्यात इंजिनिअर म्हणून लागली, की तिला पहिल्या आठवड्यात दोन-चार शत्रू तरी हवे असतात. मला त्याऐवजी अक्का मिळाल्या. कंपनीच्या बसमध्ये मी बाबांशी फोनवर तावातावाने बोलत होते, तेव्हा मागून आवाज आला, "काय गे, मराठी काय तू? इतकें ओरडलीस तर फोन कशास? इचलकरंजीस असेंच ऐकूं येईल."

मागे पाहिलं तर कोणी दिसेना. शेवटच्या लांब सीटवर एक बाई डाव्या कुशीवर आडवी झाली होती. अक्कांचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजांबरोबर इकडे आले आणि त्यांची मराठी त्या काळातच थांबली. मधूनच तिच्यात तमिळ मिसळलेलं. माझी मराठी त्यांना उर्मट वाटायची, त्यांची मला पोथीतली.

दुखणं मी भेटले तेव्हाच तीनेक वर्षांचं. बसलं की कमरेच्या खाली, पाठ संपून बैठक सुरू होते तिथे, आतून आग. ती उजव्या मांडीच्या मागून खाली उतरायची. खोकलं की वीज. लघवीला धावत जायचं आणि तिथे उभं राहून वाट पाहायची. कुशीवर पडलं की सगळं निवायचं. म्हणून अक्का उभ्या राहून जेवायच्या, उभ्या राहून एक्स-रे वाचायच्या आणि बसमध्ये झोपून यायच्या. घरी एकच खुर्ची होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसलेले.

डॉक्टर सहा झाले होते. पहिल्याने मणक्याच्या चकतीवर बोट ठेवलं. या वयात चकती सगळ्यांचीच सरकलेली असते, तशी यांचीही होती. दुसऱ्याने पट्टा दिला, तिसऱ्याने व्यायाम. चौथ्या बाईंनी गर्भाशय काढून टाकू म्हटलं.

"मी विचारलें, त्यांत दोष दिसला काय?" अक्का सांगत. "म्हणाली, दोष नाही, पण आतां त्याचा उपयोगही नाही. म्हणजे ह्या खणांत बिघाड, आणि शेजारचा चांगला भाग भंगारांत! आमच्याकडे असें केलें तर नोकरी जाईल."

मी संतापाने लाल व्हायचे. अक्का मात्र शांतपणे फाईल लावायच्या.

पोकळी सापडली ती त्यांनाच. एका रविवारी मी त्यांच्या घरी डोसे खायला गेले होते. खिडकीच्या काचेला कमरेचा जुना एमआरआय उलटा चिकटवला होता आणि अक्का कारखान्यातलं भिंग घेऊन त्याच्या कडेला नाक लावून उभ्या होत्या.

"इकडे ये. हें काय?"

फिल्मच्या अगदी काठावर, जिथे चित्र कापलं गेलं होतं, तिथे एका पांढऱ्या गोलाचा अर्धा भाग दिसत होता.

"डाग असेल."

"डाग असा गोल? आमच्या फिल्मवर हवा काळी दिसते, इथें पाणी पांढरें. पोकळी आहे गे. ट्रेमध्यें मावला तेवढाच भाग ह्यांनी तपासला. दुखतें त्याच्या खालीं."

मग हट्टाने त्यांनी त्याखालच्या हाडाचा वेगळा एमआरआय करून घेतला. तंत्रज्ञ म्हणाला, डॉक्टरांनी कंबर लिहिली आहे. अक्का म्हणाल्या, "डॉक्टरांस दुखत नाही." कमरेखालच्या त्या त्रिकोणी हाडात, त्रिकास्थीत, मज्जातंतूंच्या मुळांवर पाण्याने भरलेल्या दोन पिशव्या निघाल्या. मोठी पिशवी सुपारीपेक्षा मोठी होती आणि तिने हाड आतून खरवडलं होतं. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: योगायोगाने आढळलेल्या गाठी, महत्त्व नाही.

पाचव्या आणि सहाव्या डॉक्टरांनी ती ओळ वाचून दाखवली. अशा पिशव्या पुष्कळांना असतात आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो, असं दोघांनी सांगितलं. आणि ते खरंच होतं. ते खरं आहे हे मला अक्कांनीच ठणकावून सांगितलं, कारण मी तोवर घरी बसून पत्रक लिहून काढलं होतं.

पत्रक चांगलं होतं, असं मला अजूनही वाटतं. मथळा होता: 'बाईचं दुखणं खोटंच असतं का?' 'सगळ्या डॉक्टरांनी संगनमताने' अशी सुरुवात. एग्मोर स्टेशनबाहेर तमिळ आणि इंग्रजीतही वाटायचा बेत होता. अक्कांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि लाल पेन काढलं.

"सगळे डॉक्टर? किती पाहिलेस?"

"सहा."

"'सगळे' खोड, 'सहा' लिही. संगनमत? हे सहा एकमेकांस ओळखत तरी होते काय?"

"अक्का, 'सहा डॉक्टरांनी वेगवेगळं' असं लिहिलं तर रस्त्यावर कोण उतरेल?"

"न उतरो. रस्त्यावर गर्दी आहे. पुढें ऐक. 'गाठीमुळेंच दुखतें', हें तुज कोणी सांगितलें? मज वाटतें. वाटणें म्हणजे सिद्ध काय? पोकळी सांपडली म्हणजे भाग त्या पोकळीनेंच तुटला असें होत नाही. नापास."

नापास! माझ्या बापाचं पत्रक मालकांनी जाळलं होतं, पोलिसांनी जप्त केलं होतं, पण नापास कोणी केलं नव्हतं.

त्यांची स्वतःची तयारी निराळी चालली होती. एक वही होती. तिच्यात रकाने आखलेले: वेळ, बसले की उभी की आडवी, किती मिनिटं, दुखणं दहापैकी किती, सही. शेवटचा रकाना 'तपासणाराची सही'. कारखान्यात एकाने मोजलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय धरत नाहीत, म्हणून दुखण्यालाही दुसरी सही हवी. ती करायची मी.

"तुमचं दुखणं मी कसं तपासू?"

"तोंड पहा. मी साडेसहा म्हणतें. तुज किती दिसतें?"

पहिल्यांदा मी हसले. मग जेवणाच्या सुट्टीत रोज त्या पाच मिनिटं बाकावर बसायच्या आणि मी समोर उभी राहून त्यांचं तोंड पाहायचे. वरच्या ओठावर घाम यायचा. डावा हात बाकाची कड धरायचा, नखं पांढरी व्हायची. त्या म्हणायच्या "सहा पूर्णांक पंचाहत्तर" आणि मी सही करायचे. एकदा म्हटलं, "अक्का, सरळ दहा सांगा डॉक्टरांना. दहाशिवाय हे लोक हलत नाहीत."

"दहा म्हणजे मेलेंच की. पुढें खरेंच दहा झालें तर काय सांगूं, चौदा?"

या वहीनेच घात केला.

झालं असं की बसचा ठेकेदार बदलला. नवा नियम आला: प्रत्येकाने सीटवर बसायचं, पट्टा लावायचा, आडवं होणं बंद. एचआरच्या साहेबाने अक्कांना बोलावलं. गोरागोमटा, गोड बोलणारा माणूस. ज्याच्याशी भांडण उकरून काढायला फार कष्ट पडतात अशातला. "मॅडम, रोगाचं नाव लिहिलेलं सर्टिफिकेट आणा, लगेच सवलत देतो. 'पाठदुखी' चालणार नाही, पाठ माझीही दुखते."

म्हणून अक्का सातव्या डॉक्टरकडे गेल्या, मेंदू आणि मज्जातंतूंच्या, आणि या वेळी पुरावा असावा म्हणून वही नेली. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी वही उघडली. चौदा महिन्यांच्या नोंदी, दशांश चिन्हासह, जवळजवळ प्रत्येक ओळीवर दोन सह्या. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि वहीऐवजी अक्कांकडे पाहू लागले.

"हे सगळं तुम्ही लिहिता? रोज?"

"रोज. सुट्टीच्या दिवशीं दुसरी सही नाही, तेवढें क्षमा करा."

"आणि ही दुसरी सही कुणाची?"

मी हात वर केला. डॉक्टरांनी माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिलं. मग एक चिठ्ठी लिहिली: रुग्ण दुखण्यात अवाजवी गुंतलेली आहे, मनोविकारतज्ज्ञांचं मत घ्यावं. जितकी नोंद चोख, तितकी बाई वेडी. दुखतं म्हणून नुसतं रडलं असतं तर निदान गोळी तरी मिळाली असती.

ही चिठ्ठी डॉक्टरांच्या बिलाबरोबर कंपनीत पोहोचली, आणि साहेबाचा आवाज आणखी गोड झाला. "मॅडम, ब्रेकचे भाग आहेत. मनाची अडचण असलेल्या व्यक्तीची सही आपण ग्राहकाला कशी दाखवणार? महिनाभरात डॉक्टरी खुलासा आणा. तोवर एक्स-रे खात्यातला नवा मुलगा वाचेल."

चार वर्षं बसता येत नव्हतं, ते अक्कांनी कॉफी थंड मिळावी तसं सोसलं होतं. सही काढून घेतली, ते सोसेना. त्या दिवशी बाकावर न बसता, वही न काढता भिंतीशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आता तरी पत्रक काढू. 'सहा' लिहिते, 'सात' लिहिते, म्हणाल ते लिहिते." त्या म्हणाल्या, "मनाच्या डॉक्टराकडे जाऊं. पाठवलें आहे तर तपासणी पुरी होऊं दे. कोणता मार्ग न पाहतां सोडला असें नको."

मनोविकारतज्ज्ञ म्हातारे होते, शर्टावर कॉफीचा डाग. त्यांनी वही घेतली आणि वाचायलाच लागले. नुसतं चाळणं नाही, वाचणं. अर्धा तास. अक्का उभ्या, मी खुर्चीवर शरमलेली. मध्ये त्यांनी नर्सला दोनदा बाहेर घालवलं.

"अम्मा, डाव्या कुशीवर असताना कधीच दोनच्या वर गेलेलं नाही."

"नाही."

"आणि बसल्यावर चौथ्या-पाचव्या मिनिटाला चढतं. दिवाळीतसुद्धा. भांडण झालेल्या दिवशीसुद्धा तितकंच. भांडणाचीही नोंद आहे."

"असावी ना?"

त्यांनी चष्मा काढला. "मनाचं दुखणं इतकं शिस्तीत वागत नाही, अम्मा. माझ्याकडचे रुग्ण मला ठाऊक आहेत. तुम्ही चुकीच्या दारात आलात." आणि त्यांनी दोन कागद लिहिले. एक कंपनीसाठी, बाईचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे, अशा अर्थाचा; तो साहेबाने नुसता फायलीत ठेवला, रोगाचं नाव नाही म्हणून. दुसरा एका शल्यचिकित्सक बाईंच्या नावाने, ज्या या पिशव्यांवर काम करत होत्या.

या बाई तुसड्या होत्या. बोलायच्या ते कीबोर्डवर टाइप करताना. एमआरआय पाहून म्हणाल्या, "पिशवी आहे. दुखणंही आहे. एकामुळे दुसरं आहे का, मला माहीत नाही."

अक्कांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ऐकलेस? मज माहीत नाही, म्हणाली! चार वर्षांत पहिली शहाणी भेटली."

माहीत करून घ्यायचा मार्गही बाईंनी सांगितला. मूत्राशयाच्या कामाची तपासणी झाली, त्याच्या नसांवर दाब असावा असं निघालं. मग सीटी स्कॅनवर पाहत पाहत पिशवीत सुई घालायची आणि पाणी काढायचं. दुखणं गेलं तर गुन्हेगार सापडला. मात्र पिशवी पुन्हा भरते, म्हणजे हा उपचार नाही, नुसती परीक्षा.

सुई झाली. त्याच संध्याकाळी अक्का बसल्या. इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि खुर्चीवर बसून डोसा खाल्ला. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "तोंड पुस आणि सही कर. शून्य पूर्णांक पाच."

मी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. त्या पेढ्याला हात लावेनात.

"अजून अर्धेंच झालें. काढल्यावर गेलें. भरल्यावर परत आलें पाहिजे. नाहीतर सुईच्या धाकानें गेलें की पाण्यानें, कसें कळावें?"

"अक्का! देवाने सुख दिलंय, दोन दिवस घ्या ना!"

"घेतें आहे की. वाट पाहत पाहत घेतें."

कारखान्यात दोष पक्का करायची हीच रीत आहे, हे मला ठाऊक होतं. काढा, थांबवा, परत घाला, परत घडवा. पण स्वतःच्या नसेवर ती रीत चालवणारी बाई मी एकच पाहिली. सहाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, आवाज अगदी नातू झाल्यासारखा. "आलें गे! त्याच जागीं, तसेंच! सहा पूर्णांक पाव!" मी बसस्टॉपवर उभी होते. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, हिला बढती मिळाली. मी "अभिनंदन" म्हटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

त्या वहीवर बाईंनी शस्त्रक्रिया ठरवली. हाडाचं मागचं झाकण उघडायचं, पिशवी रिकामी करून आवळून शिवायची, पुन्हा भरू नये म्हणून जागा चरबीने बुजवायची. धोके त्यांनी टाइप करत करतच सांगितले: पाणी गळू शकतं, पाय बधिर होऊ शकतो, लघवीवरचा ताबा आहे तोही जाऊ शकतो. आणि पूर्ण बरं वाटेलच असं नाही, नस फार दिवस दबलेली आहे. अक्कांनी विचारलं, "माझ्या ठिकाणीं तुम्ही असतां तर?" बाईंनी पहिल्यांदा कीबोर्डवरून हात उचलले. "घाबरले असते. आणि केलं असतं."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, "मज भय वाटतें आहे. हें वहींत लिहूं नको." मी वही मिटून ठेवली.

दहा आठवड्यांनी त्या कारखान्यात आल्या. उजव्या टाचेला किंचित बधिरपणा राहिला होता, लघवीचं बरंच सुधारलं होतं. बसणं? चाळीसेक मिनिटं, मग हळूहळू आग. बरी झाले असं त्या कोणालाच म्हणाल्या नाहीत. 'चाळीस' म्हणाल्या. हातात सर्टिफिकेट होतं, रोगाचं नाव लांबलचक, खाली बाईंची सही. आम्ही दोघी एचआरच्या साहेबाकडे गेलो. त्याने कागद वाचला, हसला, ड्रॉवरमध्ये ठेवला.

"झालं मॅडम, बसमध्ये आडवं व्हायची सवलत आजपासून. मनोविकाराचा शेरा काढून सही परत द्यायचं पत्र यथावकाश निघेल. तुम्ही जाऊ शकता."

"यथावकाश म्हणजे?"

"प्रोसेस आहे, मॅडम."

अक्कांनी त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. साहेब थांबला. त्याला वाटलं काही बोलायचं असेल. त्याने फाईल उघडली, मिटली. फोन आला, त्याने दबक्या आवाजात घेतला. मला बाहेर जायची खूण केली. मी काचेच्या बाहेर उभी राहिले. आत अक्का नुसत्या बसलेल्या, कुठलाही नियम न मोडता. बसायला मनाई करणारं परिपत्रक त्याने अजून काढलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी त्याने पाणी मागवलं, एक पेला त्यांच्यापुढे ठेवला. पंचवीस मिनिटांनी संगणकावर टाइप करायला लागला. माझा बाप धरण्याला बसायचा तेव्हा सोबत दोनशे माणसं, लाऊडस्पीकर आणि झेंडे असायचे. इथे एक बाई, एक खुर्ची आणि ताजी शिवलेली नस होती.

पस्तिसाव्या मिनिटाला त्यांच्या वरच्या ओठावर घाम दिसला. डावा हात खुर्चीच्या कडेवर गेला. मी दाराच्या मुठीला हात घातला, तशी त्यांनी न वळता मान हलवली, नको. मी थांबले. चाळीस झाली. एक्केचाळीस. प्रिंटर खरखरला. साहेबाने कागद घेतला, सही केली, शिक्का मारला आणि उभं राहून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

अक्कांनी तो घेतला. आधी खालची कड पाहिली, मग वरची, मग मधलं वाचलं. तारीख राहिली होती. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला आणि त्या जागीच बसून राहिल्या. साहेबाने तारीख घातली.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि डोळे मिटून भिंतीशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "किती, अक्का?"

"आठ," त्या म्हणाल्या. "चल, एक्स-रेच्या खोलींत जाऊं. माझ्या जागीं बसून त्या पोरानें काय काय पास केलें आहे, देव जाणे."